पदवीप्रदान समारंभात गाऊनच्या आत काय घालायचं? साडी, कुर्ता, पाऊस आणि पगडीपर्यंत सगळं समजून घ्या

पदवीप्रदान समारंभाची तारीख कळली की महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो तो गाऊनच्या भाड्याचा आणि अनामत रकमेचा. दुसरा प्रश्न लगेच त्याच्या मागे असतो: आत काय घालायचं?

प्रश्न किरकोळ वाटतो, कारण गाऊन सगळं झाकतो असा समज असतो. प्रत्यक्षात तो सगळं झाकत नाही. शिवाय हे कपडे घालून कित्येकांना सकाळी लवकर घर सोडायचं असतं. कामशेत, मळवली किंवा कान्हे स्टेशनवर लोकल पकडायची, दोन-तीन तास सभागृहात बसायचं, मंचाच्या पायऱ्या चढायच्या आणि शेवटी आई-वडिलांबरोबर फोटो काढायचे. तो फोटो पुढे अनेक वर्षं घरातल्या भिंतीवर राहतो. त्या फोटोत गाऊन मिनिटभरच असतो, बाकीचे फोटो गाऊन परत केल्यानंतरचे असतात.

त्यामुळे कपडे निवडताना कोणत्या गोष्टी पाहायच्या, नियम कोण ठरवतं आणि या गाऊनवरून एवढे वाद का होतात, हे पाहू.

ड्रेस कोड नेमकं कोण ठरवतं?

हे तुमची पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि समारंभ कुठे आहे यावर अवलंबून असतं. मावळ तालुक्यातच याची वेगवेगळी उदाहरणं सापडतात. लोणावळ्याचं डॉ. बी. एन. पुरंदरे कला आणि श्रीमती एस. जी. गुप्ता वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय, कुसगावचं सिंहगड संकुल, तळेगावचं इंद्रायणी महाविद्यालय ही नावं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तळेगावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. खासगी विद्यापीठं आपले नियम स्वतः ठरवतात.

विद्यापीठाच्या आवारात होणारा मुख्य समारंभ आणि महाविद्यालयात होणारा पदवी वितरण समारंभ यांचे नियमही वेगळे असू शकतात. कुठे गाऊन आणि टोपी, कुठे फक्त स्टोल किंवा उपरणं, तर कुठे पांढरा कुर्ता किंवा काठाची साडी असं ठरलेलं असतं. म्हणून खरेदीला जाण्याआधी सूचनापत्र वाचून तीन गोष्टी पाहाव्यात. गाऊन मिळणार आहे की फक्त स्टोल? आतल्या कपड्यांचा रंग सांगितलाय का? आणि गाऊन कुठे, किती वाजता मिळणार?

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. गाऊन समारंभाच्या जागीच मिळणार असेल, तर घरापासून तिथपर्यंत तुम्ही फक्त आतल्या कपड्यांवर असता. ते कपडे प्रवासाचेही असायला हवेत.

हा गाऊन आपल्याकडे आला कुठून?

मध्ययुगीन युरोपात विद्यापीठं चर्चच्या सावलीत वाढली. तिथले शिक्षक आणि विद्यार्थी धर्मगुरूंसारखे लांब झगे घालत. दगडी, थंड इमारतींमध्ये तासन् तास बसायचं तर असा झगा उपयोगाचाही होता. आज पाठीवर लोंबणारा रंगीत पट्टा, म्हणजे हूड, ही मुळात डोकं झाकायची टोपडी होती. थोडक्यात, हा पोशाख थंड हवेसाठी तयार झाला. आपल्याकडे उकडतं त्याचं कारण इथेच आहे.

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं सुरू झाली आणि इंग्लंडमधल्या पद्धतीबरोबर तिथला पोशाखही आला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांमध्ये, १८६२ साली, महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पुणे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा, १९४० च्या दशकाच्या शेवटी, ही पद्धत चांगलीच रुळलेली होती.

आपला पोशाख ठेवून परदेशी पदवी घेण्याचं उदाहरणही जुनं आहे. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्याआधी, ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेल्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात जपान आणि सीरियाच्या दोन विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर आहेत. तिघींच्याही अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे आणि आनंदीबाई साडीत आहेत.

गाऊन घातल्यावर काय दिसतं?

बहुतेक गाऊन पोटरीच्या मध्यापर्यंत येतात. त्यातून तीन जागा दिसतात: गळा, मनगट आणि पोटरीपासून खालचे पाय. गाऊन पुढून उघडा असेल, तर चौथी जागा म्हणजे समोरची गळ्यापासून खालपर्यंतची उभी पट्टी. कपडे निवडताना या चार जागांचा विचार केला की अर्धं काम होतं.

गळा: गाऊनचा गळा साधारण इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असतो. त्यात शर्टाची कॉलर, कुर्त्याची बंद कॉलर किंवा ब्लाउजचा गळा दिसतो. मोठ्या खड्यांचा हार किंवा जाड भरतकामाचा गळा हूडच्या पट्ट्यात अडकतो. गळ्यालगत बसणारा साधा दागिना किंवा फक्त कानातले पुरेसे होतात.

मनगट: गाऊनच्या बाह्या रुंद असतात आणि प्रमाणपत्र घेताना मागे सरकतात. फुग्याच्या किंवा खूप घेरदार बाह्या आत गोळा होतात. लांब बाह्यांचा शर्ट असेल तर बटण लावलेलं असावं. बांगड्या घालायला हरकत नाही, पण टोकदार नक्षीचं कडं गाऊनच्या पातळ कापडाचा धागा ओढू शकतं. नुकसान झालं तर अनामत रक्कम कापली जाते.

पाय: काठ, पायजमा, पँट, चप्पल, सगळं इथे दिसतं. लांबून काढलेल्या फोटोत तर कपड्यांपैकी हेच दिसतं.

साडी नेसायची असेल तर?

साडी गाऊनमध्ये चांगली दिसते, कारण खाली काठ मोकळा राहतो. अडचण होते ती खांद्यावर. पदराच्या घड्यांवर गाऊनच्या चुण्या आणि त्यावर हूड आला की डावा खांदा फुगतो. त्यासाठी पदराच्या घड्या अरुंद करून खांद्यावर मागच्या बाजूला पिन लावावी आणि पदराची लांबी कमी ठेवावी. लांब पदर गाऊनखालून शेपटासारखा बाहेर येतो आणि मागच्याचा पाय त्यावर पडतो.

कापडाचं म्हणाल, तर कडक कांजीची सुती साडी आणि जड जरीची पैठणी गाऊनखाली फुगतात. मऊ सुती, मऊ रेशीम, क्रेप किंवा जॉर्जेट अंगालगत बसतं. पैठणीच नेसायची असेल, आईची किंवा आजीची, तर जरूर नेसावी. फक्त तिची खरी शोभा गाऊन काढल्यावरच्या फोटोत दिसेल हे धरून चालावं. जुनी रेशमी साडी घड्यांच्या रेषांवर विरलेली असू शकते. ती आदल्या आठवड्यात उलगडून उजेडात पाहावी.

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. त्यामुळे कमरेभोवती कापड जास्त होतं. पण काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि मंचाच्या पायऱ्या चढताना निऱ्या पायात येत नाहीत, हा मोठा फायदा आहे. साडी नेसायची सवय नसेल तर ती आदल्या दिवशी नेसून जिना चढून-उतरून पाहावं.

साडीला खिसा नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. मोबाइल, ओळखपत्र आणि परतीचं तिकीट कोणाकडे द्यायचं ते आधी ठरवावं. परकराला आतून छोटा खिसा शिवून घेणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

सलवार-कुर्ता, कुर्ता-पायजमा की शर्ट-पँट?

सरळ कापाचा, गुडघ्याच्या थोडा खाली येणारा कुर्ता गाऊनमध्ये सगळ्यात कमी त्रास देतो. अनारकलीसारखा घेर गाऊनला घंटेसारखा आकार देतो. गाऊनपेक्षा दोन-तीन इंच लांब असलेला कुर्ता खालून डोकावतो आणि चुकून राहिल्यासारखा दिसतो. त्यामुळे कुर्ता एक तर गाऊनपेक्षा स्पष्ट लांब असावा, नाहीतर स्पष्ट आखूड. ओढणी घेऊ नये, हूड आणि ओढणी एकमेकांत गुंततात.

मुलांसाठी फिकट रंगाचा सुती शर्ट आणि गडद पँट ही नेहमीची निवड आहे. टाय सूचनापत्रात सांगितला असेल तरच बांधावा. गाऊनखाली कोट घालण्याची गरज नसते. दोन्हींचे खांदे एकावर एक येतात आणि उकडतं ते वेगळंच. कुर्ता-पायजमा घालणाऱ्यांनी पायजम्याची उंची तपासावी, कारण नेमका तोच भाग दिसणार असतो.

शर्टाचा आणखी एक उपयोग आहे. अनेक हूडना पुढच्या बाजूला छोटी दोऱ्याची फास असते, ती शर्टाच्या बटणात अडकवायची. त्यामुळे हूड मागे ओढला जाऊन गळ्याला काचत नाही. साडी किंवा गोल गळ्याच्या कुर्त्याला त्या जागी बटण नसतं. मग दोन सेफ्टी पिना घेऊन हूड दोन्ही खांद्यांवर गाऊनच्या शिवणीत लावावा. पिन रेशमी साडीत घालू नये आणि गाऊनच्या सपाट कापडातही नको, दोन्हीकडे भोक राहतं.

मावळातल्या हवेचं काय करायचं?

लोणावळा आणि तळेगाव एकाच तालुक्यात असले तरी पावसाच्या बाबतीत त्यांच्यात खूप फरक आहे. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला येऊ तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. त्यामुळे लोणावळ्यात जुलै-ऑगस्टमधला समारंभ आणि पुण्यातला मार्च-एप्रिलमधला समारंभ यांसाठी एकच सल्ला चालणार नाही.

पावसाळ्यात जाड सुती कपडा भिजला की दिवसभर वाळत नाही आणि रेशमावर पाण्याचे डाग पडतात. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड किंवा क्रेप लवकर वाळतं. पांढऱ्या पायजम्यावर चिखलाचे शिंतोडे लगेच उठून दिसतात. लोकलने किंवा दुचाकीने येणाऱ्यांनी पायजमा, पँट किंवा चांगली चप्पल पिशवीतून आणून जागेवर बदलावी. भाड्याचा गाऊन आदल्या दिवशी मिळाला असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत न्यावा, कारण गडद रंगाचा स्वस्त गाऊन ओला झाल्यावर आतल्या पांढऱ्या शर्टावर रंग सोडू शकतो.

उन्हाळ्यात अडचण उलटी असते. भाड्याचे गाऊन बहुतेक पॉलिस्टरचे असतात, त्यातून हवा खेळत नाही आणि घाम टिपला जात नाही. मग घाम टिपायचं काम आतल्या कपड्यालाच करावं लागतं. अशा वेळी पातळ सुती किंवा खादी सर्वांत बरी. साडीखालचा परकरही सॅटिनचा न घेता सुती घ्यावा.

पायात काय घालावं?

पावलाला घट्ट बसणारी आणि आधी किमान दोन-तीन वेळा वापरलेली पादत्राणं. मंचाच्या तात्पुरत्या लाकडी पायऱ्या, त्यावर अंथरलेलं जाजम आणि अंगावरचा लांब गाऊन यांच्याबरोबर बारीक टाचेची चप्पल धोक्याची ठरते. रुंद, बुटकी टाच चालते. कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर आणि साडीवर छान दिसते, पण कातडं भिजलं की खराब होतं, त्यामुळे पावसाळ्यात नको. बूट घातले तर मोजे गडद रंगाचे असावेत, बसल्यावर पँट वर सरकते आणि मोजे दिसतात.

कुबडी, कॅलिपर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी गाऊनची उंची आधी मोजून घ्यावी. व्हीलचेअरच्या चाकात गाऊनची कड किंवा बाही अडकू शकते. आखूड गाऊन किंवा फक्त स्टोल मागून घेता येतो का, हे महाविद्यालयाला आधीच विचारावं.

डोक्यावर काय, यावरून वाद का होतो?

चौकोनी टोपी सरळ, कपाळाला समांतर बसते. उंच अंबाडा असेल तर ती बसत नाही. केस खाली, मानेजवळ बांधावेत. गजरा टोपीच्या खाली येईल असा माळावा. हिजाब किंवा शीख विद्यार्थ्यांची पगडी असेल तर टोपीचं काय करायचं, हे आयोजकांना आधी विचारलेलं चांगलं.

पुण्यात मात्र डोक्यावरच्या पोशाखाने राजकीय वळणही घेतलं आहे. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती पुण्याची ओळख मानली जाते, पण ती पेशवाईची आणि एका विशिष्ट वर्गाची खूण आहे असा आक्षेपही घेतला जातो. जून २०१८ मध्ये पुण्यातल्या सभेत शरद पवार यांनी पुणेरी पगडीऐवजी महात्मा फुले यांची पगडी वापरण्याची भूमिका घेतली. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभातल्या पुणेरी पगडीला काही विद्यार्थ्यांनी विरोध केला. सावित्रीबाई फुले यांचं नाव असलेल्या विद्यापीठात फुले पगडी का नाही, असा त्यांचा सवाल होता.

म्हणजे इंग्रजी टोपी काढली की त्या जागी कोणती भारतीय टोपी ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

मग गाऊन हवा की नको?

गाऊनला विरोध नवा नाही. एप्रिल २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात अंगावरचा गाऊन काढून ठेवला आणि ही वसाहतकाळाची खूण असल्याची टीका केली. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभाच्या पोशाखासाठी हातमागाचं कापड वापरण्याची सूचना विद्यापीठांना केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या, एम्ससह, वैद्यकीय शिक्षण संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून स्थानिक परंपरेवर आधारित पोशाख ठरवायला सांगितलं. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत तर पदवीधरांना सप्तपर्णीची पानं देण्याची परंपरा आहे.

दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने मानद पदवी दिली. तेव्हाचं त्यांचं गाऊनमधलं छायाचित्र अनेक घरांत आदराने लावलेलं असतं. याच बाबासाहेबांचा बंगला तळेगाव दाभाडे इथे होता. ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दारातही उभं केलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी हा काळा झगा परकेपणाची खूण नाही, तो हक्काचा आहे. शिवाय गाऊन सगळ्यांवर सारखा असतो. आत दोनशे रुपयांचा शर्ट आहे की दहा हजारांची साडी, हे मंचावर फारसं कळत नाही. पोशाख 'भारतीय' झाला की ही सोय जाते आणि कोणाची साडी कितीची, हे पुन्हा दिसू लागतं. गाऊन बदलणाऱ्या संस्थांनी उपरणं किंवा स्टोल सर्वांना एकसारखं, संस्थेकडून दिलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

नवे कपडे घ्यावेच लागतात का?

नाही. गाऊनचं भाडं, अनामत रक्कम, फोटो आणि कुटुंबाचा प्रवास मिळून खर्च आधीच झालेला असतो. पवन मावळातून किंवा नाणे मावळातून चार माणसं पुण्याला जाणार असतील तर त्या दिवसाची मजुरीही बुडते. हाताशी थोडे पैसे असतील तर ते आई-वडिलांना बरोबर नेण्यावर खर्च करावेत. आधी प्रवेशपत्रिका किती मिळणार, ते मात्र विचारून घ्यावं.

घरातला स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्रीचा शर्ट किंवा कुर्ता पुरतो. विकत घ्यायचंच असेल तर पुढे मुलाखतीला, नोकरीच्या पहिल्या दिवशी घालता येईल असं घ्यावं. साडी मावशीची, वहिनीची घेतली तरी चालते, पण ब्लाउज चार दिवस आधी घालून पाहावा.

आदल्या रात्री काय तपासायचं?

गाऊन मिळाला असेल तर पूर्ण कपड्यांवर घालून आरशात पाहा, खुर्चीवर बसा, हात वर करा. गाऊनला आधीच कुठे भोक किंवा डाग असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, अनामत परत घेताना उपयोगी पडतो. पिशवीत सहा सेफ्टी पिना, केसांच्या चार पिना, रुमाल, पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि अनामतीची पावती ठेवा. पावसाळा असेल तर छत्री, जुन्या चपला आणि एक कोरडा टॉवेल.

समारंभ संपल्यावर गाऊन परत करण्याच्या रांगेत लगेच उभं राहू नका. आधी घरच्यांबरोबर गाऊनसकट एक फोटो काढा. मग गाऊन परत करून, जे कपडे घालून घरून निघालात त्यांत दुसरा.